उंदराच्या मेंदूवरून माझ्या भावाचं जेवण ठरवायचं का?

साखळीची_मनू
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. ओलान्झापिन या गोळीवर आता तब्येत स्थिर आहे. कानात येणारे आवाज जवळजवळ बंद झालेत, सकाळी बाबांबरोबर कुळागरात जातो, सुपारी सोलायला बसतो, संध्याकाळी देवळापर्यंत चालून येतो. पण वजन वाढत वाढत ९६ किलोवर गेलं आणि मागच्या महिन्यात उपाशीपोटीची साखर १३२ आली. डॉक्टर म्हणाले, या गोळीने असं होतं, खाण्यावर लक्ष ठेवा, तीन महिन्यांनी बघू. बाहेर ही रांग, त्यामुळे पुढे विचारायची सोय नव्हती.

इथे पुण्याचा मावसभाऊ उत्साहाने पेटलाय. रोज एक लिंक पाठवतो. त्याचं म्हणणं, स्किझोफ्रेनिया म्हणजे मुळात मेंदूला साखर नीट जाळता न येण्याचा आजार, हे उंदरांवर सिद्ध झालंय, आणि केटो आहार, म्हणजे भरपूर चरबी आणि कर्बोदकं जवळजवळ नाहीत असं खाणं, दिल्यावर उंदीर बरे झाले. तेव्हा भाताला हात लावू देऊ नकोस. आमच्याकडे दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, रात्री शीत-हुमण आणि चहाबरोबर पोई, म्हणजे गोव्याचा पाव. आई म्हणते, शीत काढलं तर तो ताटावर बसणारच नाही.

मी हायस्कूलला गणित शिकवते, जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरता. मला अडतं ते उंदरापाशी. उंदीर बोलत नाही, कुणी आपल्यावर पाळत ठेवलीय असं सांगत नाही. मग त्याला स्किझोफ्रेनिया झाला आणि मग बरा झाला, हे ठरवलं कुणी? आणि भावाच्या साखरेची ही भानगड रोगाची आहे की गोळीची? उंदरावरून ते कळतं का? कुणी जाणकार असेल तर सांगा. उपदेश नको, घरात तो पुरेसा मिळतो.

---

बाबूश_फोंडा
रविवार, रात्री ११.१५

आमच्या माळ्यावरच्या उंदराला पक्कं वाटतं की सगळं घर त्याच्या मागे लागलंय. आणि ते खरं आहे.

विनोद सोडा ताई. मावसभावाला सांगा, गोळीला हात लावायचा नाही. आमच्या नात्यात एकाने यूट्यूब बघून गोळ्या सोडल्या, तीन आठवडे सगळे खूश, चौथ्या आठवड्यात रात्री दोनला ॲम्ब्युलन्स. आणि उंदरांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. शास्त्रज्ञांनी आजवर लाखो उंदीर बरे केले असतील, माणसं तिथेच आहेत. उंदरावरून माणसाचं डोकं कळत नाही, विषय संपला.

---

माजी_उंदीरवाला
सोमवार, सकाळी ६.०५

विषय संपला नाही, बाबूश. तुमच्या माळ्यावरच्या उंदराचा संशय रास्त असल्यामुळे त्याला मात्र कुठलंच निदान लागणार नाही.

मनूताई, मी पीएचडीला विस्टार जातीचे पांढरे उंदीर सांभाळले आणि त्यांच्या मेंदूत ग्लुकोज कुठे किती जळतं हे मोजलं. आता म्हार्दोळला राहतो आणि कॉलेजात शिकवतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळीबद्दल माझं ऐकू नका. उंदराबद्दल ऐका.

स्किझोफ्रेनिया झालेला उंदीर जगातल्या कुठल्याही पिंजऱ्यात नाही. शोधनिबंधात 'स्किझोफ्रेनियाचं मॉडेल' असं लिहिलेलं असतं, बातमीपर्यंत येताना 'मॉडेल' गळून पडतं आणि उंदीर थेट वेडा होतो. प्रत्यक्षात रोगातला एकच धागा उचलतात आणि तेवढाच उंदरात घडवतात.

सगळ्यात जुना धागा औषधाचा. फेन्सायक्लिडिन, म्हणजे पीसीपी, हे १९५० च्या दशकात भुलीसाठी काढलेलं औषध. शुद्धीवर येताना रुग्ण भ्रमिष्टासारखं वागायचे, म्हणून १९६५ मध्ये माणसांसाठी त्याचा वापर थांबला. त्याचं सौम्य भावंड केटामाइन १९६२ मध्ये तयार झालं आणि ते आजही ऑपरेशन थिएटरात आहे. १९९४ मध्ये धडधाकट स्वयंसेवकांना भुलीपेक्षा कमी मात्रेत केटामाइन देऊन पाहिलं, तर थोडा वेळ त्यांच्यात संशय, विचारांची विस्कळ आणि भावनांचा कोरडेपणा, तिन्ही दिसलं. दोन्ही औषधं मेंदूतला एनएमडीए नावाचा रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेट या निरोप्या रसायनाचा पेशीवरचा दरवाजा, अडवतात. तेव्हा उंदराचा तोच रिसेप्टर अडवून बघायचा, हे एक मॉडेल.

दुसरा प्रकार वाढीचा. १९९३ मध्ये लिप्स्का आणि वाइनबर्गर यांनी सात दिवसांच्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाच्या, खालच्या बाजूला इजा केली. पिल्लं मोठी होताना ठीकठाक, आणि वयात आल्यावर त्यांचं वागणं बिघडलं. तुमच्या भावाला कॉलेजात असताना सुरू झालं ना? हा उशीर त्या उंदरात दिसतो, पीसीपीच्या उंदरात दिसत नाही. तिसरा प्रकार जनुकांचा. माणसाच्या २२ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असला, तर अशांपैकी साधारण चौघांतल्या एकाला पुढे स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. तेवढाच तुकडा उंदराच्या १६ व्या गुणसूत्रावर आहे, तो काढलेले उंदीर मिळतात. त्या तुकड्यातली काही जनुकं माइटोकाँड्रियात काम करणारी, म्हणजे ऊर्जेच्या कारखान्यातली आहेत. मला स्वतःला हे मॉडेल सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण इथे निदान कारण तरी माणसातलंच आहे. पण तुकडा गळालेली माणसं रुग्णांमध्ये अगदी थोडी, हेही तितकंच खरं.

आता साखर. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के आणि खर्चाने २० टक्के, आणि इंधन मुख्यतः ग्लुकोज. कुठला भाग किती जाळतो हे बघायची युक्ती लुई सोकोलोफ यांची, १९७७ ची. ग्लुकोजसारखंच दिसणारं डीऑक्सिग्लुकोज घ्यायचं, त्याला किरणोत्सारी कार्बन जोडायचा आणि ते उंदराच्या शिरेत सोडायचं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिली प्रक्रियाही करते, पण पुढची करता येत नाही आणि ते आतच राहतं. भरतीच्या पाण्याबरोबर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, शिरलेली सुंगटं (कोळंबी) ओहोटीला मानशीच्या, म्हणजे बांधाच्या झडपेच्या, जाळ्यात सापडतात, तसं. जिथे जास्त साखर जळते तिथे जास्त अडकतं.

मग ४५ मिनिटांनी उंदीर मारतात, मेंदू काढून लगेच गोठवतात, उणे २० अंशांच्या पेटीत त्याचे २० मायक्रॉनचे काप करतात. ब्रशने उचललेला काप श्वासाने उडेल इतका पातळ. काचेवर सुकवून एक्स-रेच्या फिल्मवर दाबून ठेवायचे आणि वाट बघायची. फिल्म धुतली की मेंदूचा नकाशा उमटतो, जास्त खर्च तिथे जास्त काळा. जाग्या उंदराच्या फिल्मवर दोन ठिपके बाकी सगळ्यांपेक्षा काळे असतात, ते इन्फिरिअर कॉलिक्युलसचे, कानाकडून येणाऱ्या वाटेवरचे. त्यांना बघून माझी मार्गदर्शक सांगायची की उंदीर खरंच जागा होता. एनएमडीए अडवला की तेच ठिपके फिके पडतात आणि कपाळाच्या मागचा भाग व हिप्पोकॅम्पसच्या आसपासचा परिसर गडद होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकडे काढायची गरजच वाटली नाही, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. आकडे अर्थात काढावे लागले.

हीच युक्ती माणसासाठी पेट स्कॅन झाली. फक्त कार्बनच्या जागी फ्लोरिन, ज्याची ताकद ११० मिनिटांत अर्धी होते. माणसाला पहिल्यांदा ते दिलं १९७६ मध्ये.

आता तुमचा मुख्य प्रश्न, रोग की गोळी. १९७४ मध्ये इंगवार आणि फ्रांझेन या स्वीडनमधल्या दोघांनी जुन्या रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तर कपाळामागच्या भागात तो तुलनेने कमी. पुढे पेट स्कॅनवरही अनेकदा तसंच दिसलं. पण तो रुग्ण वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेला, बहुधा विड्या-सिगारेटी ओढणारा, दिवसभर एका जागी बसणारा. कमी खर्च यातल्या कशाचा? मृत्यूनंतर मेंदू तपासले तर लॅक्टेट, म्हणजे प्राणवायूविना साखर जळताना उरणारा पदार्थ, जास्त आणि आम्लता वाढलेली, म्हणजे पीएच कमी. पण माणूस शेवटचे दोन दिवस धापा टाकत गेला तरी लॅक्टेट वाढतं. गोळ्यांनीही वाढू शकतं. यातलं कुठलं कारण, हे तो मेंदू सांगत नाही.

उंदराचा उपयोग इथे आहे, बाबूश. त्याने जन्मात ओलान्झापिन घेतलेलं नसतं, सिगारेट ओढलेली नसते, आणि तो कुठल्या क्षणी मेला हे सेकंदाच्या हिशोबात माहीत असतं. लॅक्टेटच्या बाबतीत सेकंद मोजावे लागतात. प्राण गेल्यावर मेंदू उरलेली साखर प्राणवायूशिवाय जाळत राहतो आणि लॅक्टेट चढत जातं. म्हणून काही प्रयोगशाळांत खास मायक्रोवेव्हने क्षणात मेंदूतली सगळी रसायनं जागच्या जागी थांबवतात. जपानमधल्या हागिहारा, मियाकावा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि ऑटिझमची मिळून पाच उंदीर-मॉडेलं घेतली, एकालाही औषध दिलेलं नाही, आणि पीएच कमी, लॅक्टेट जास्त सापडलं. म्हणजे सगळं खापर गोळीवर फोडता येत नाही. मेंदूच्या ऊर्जेत मुळातच काहीतरी हललेलं असू शकतं.

तुमचा मावसभाऊ इथे थांबला. त्याने २०२४ चं वाचायला हवं होतं. त्याच गटाने इतरांना बरोबर घेऊन १०९ प्रकारच्या मॉडेलांतले २२९४ प्राणी तपासले, उंदीर, घुशीएवढे उंदीर आणि कोंबडीची पिल्लंसुद्धा. साधारण ३० टक्के प्रकारांत फरक मिळाला, बाकीच्यांत नाही. आणि ज्यांत मिळाला त्यांत नैराश्याची, अल्झायमरची, ऑटिझमची, मधुमेहाची मॉडेलंही होती. काही ऑटिझमच्या मॉडेलांत तर फरक उलट दिशेचा. लॅक्टेट जास्त त्या उंदरांची कामापुरतं थोडा वेळ लक्षात ठेवण्याची स्मरणशक्ती कच्ची, हे नातं मात्र दिसलं. तेव्हा 'स्किझोफ्रेनिया म्हणजे साखर न जळण्याचा आजार' हे वाक्य टिकत नाही. जे दिसतंय ते बऱ्याच बिघाडांत दिसतंय.

आणखी एक मेख. पीसीपी किंवा केटामाइन एकदा दिलं तर कपाळामागचा खर्च वाढतो, माणसातही आणि उंदरातही. पीसीपी दिवसांमागून दिवस देत राहिलं तर उंदरात तो घटतो, ग्लासगोच्या गटाने २००३ मध्ये हे दाखवलं. जुन्या रुग्णांत दिसतं ते दुसऱ्यासारखं. म्हणजे एकाच औषधाचे दोन उंदीर, एक दुसऱ्याच्या उलट. लिंक वाचताना पहिली गोष्ट ही बघायची, इंजेक्शन एकदा की अनेकदा.

लेक्चरला जायचंय. केटोचं संध्याकाळी.

---

साखळीची_मनू
सोमवार, दुपारी २.२०

स्टाफरूममध्ये बसून दोनदा वाचलं. मानशीचं लगेच कळलं, माझं माहेर-सासर दोन्हीकडे पाण्याची माणसं आहेत. पण माझा पहिला प्रश्न तसाच राहिला. हिप्पोकॅम्पसला इजा केलेल्या उंदराचं 'वागणं बिघडलं' म्हणालात. म्हणजे त्याने केलं काय?

---

माजी_उंदीरवाला
सोमवार, रात्री ९.३०

गणिताच्या बाईंनी पकडलंच.

एक चाचणी सांगतो, कारण ती माणसावर आणि उंदरावर जवळजवळ सारखीच होते. अचानक मोठा आवाज झाला की अंग दचकतं. पण त्या आवाजाच्या किंचित आधी, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं आधी, एक हलका आवाज ऐकवला, तर दचकणं कमी होतं. मेंदू पहिल्या आवाजाशी गुंतलेला असतो, दुसऱ्याला तेवढा भाव देत नाही. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत ही घट कमी पडते, हे ब्रॅफ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं. माणसात पापणीजवळ इलेक्ट्रोड लावून मोजतात. उंदराला एका नळीत बसवतात, नळीखाली वजनाचा फरक टिपणारा सेन्सर, दचकला की रेघ उडते. आमच्याकडे त्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी होती, कारण बाहेर कुणी बादली आपटली की सकाळचं काम पाण्यात. दिवसा लाल दिवा, कारण उंदीर रात्रीचा प्राणी. त्याच्या झोपेच्या वेळेला त्याची परीक्षा घ्यायची आणि मग बुद्धी कमी म्हणायची, असले निबंधही खंडीभर आहेत.

बाकी चाचण्या म्हणजे अनोळखी उंदराला हुंगायला जातो की कोपऱ्यात बसतो, चक्रव्यूहात कुठल्या वाटेने आलो हे लक्षात ठेवतो का, उघड्या पेटीत किती पळतो. यातल्या पळण्याला मी फारसा मान देत नाही. भ्रमाच्या जवळ जाणारा एकच प्रयोग मला पटला, २०२१ चा. उंदरांना आवाज ऐकू आला की एका भोकात नाक खुपसायला शिकवलं होतं, बरोबर असेल तर थोडं थांबल्यावर बक्षीस. काही वेळा आवाज झालेलाच नसायचा, तरी उंदीर नाक खुपसून खात्रीने वाट बघत राहायचा. किती वेळ थांबला यावरून त्याची खात्री मोजली. केटामाइन दिल्यावर हे वाढलं, आणि मेंदूच्या स्ट्रायटम भागातल्या डोपामिनशी त्याचं नातं निघालं. तरी तो उंदीर 'शेजारी माझ्याबद्दल बोलतात' असं समजत नाही. रोगाचा तो भाग भाषेत आणि माणसांत घडतो, तो कुठल्याच पिंजऱ्यात बसणार नाही.

आता केटो. मावसभावाची लिंक बहुधा ऑस्ट्रेलियातल्या २०१५ च्या प्रयोगाची. उंदरांना काही आठवडे जवळजवळ चरबीवरच ठेवलं आणि मग एमके-८०१ टोचलं, तेही एनएमडीए अडवणारंच. केटोवरचे उंदीर कमी सैरावैरा पळाले, इतरांत जास्त मिसळले. प्रयोग नीट आहे. पण आधी आहार, मग काही तासांची नशा. तुमच्या भावाचं उलट आहे, आजार बारा-तेरा वर्षांचा आणि आहार आता. 'बरे झाले' हा शब्दच तिथे लागू होत नाही, कारण ते आजारी नव्हते.

शिवाय उंदराचं एकूण चयापचयच वेगळं. दर ग्रॅमला तो आपल्या कित्येक पट जाळतो. एक रात्र उपाशी ठेवला तर डोळ्यात भरेल इतकं वजन उतरतं. आणि प्रयोगशाळा असतात २२ अंशांना, शास्त्रज्ञांच्या सोयीने, तर लहान उंदराला बरं वाटतं ३० च्या आसपास. म्हणजे तो बिचारा दिवसरात्र ऊब निर्माण करायलाच इंधन जाळत असतो आणि आम्ही त्याच्या चयापचयावर निष्कर्ष काढतो. आपल्याकडचा एप्रिल त्याला मानवला असता.

ओलान्झापिनचंही बघा. मोठ्या उंदरांच्या माद्यांना दिलं की वजन भराभर वाढतं. नरांचं फारसं वाढत नाही. माणसांत बाई असो की बाप्या, दोघांचं वाढतं. तसंच माणसाच्या रक्तात ओलान्झापिन अर्धं व्हायला साधारण ३० तास लागतात, उंदरात दोन-तीन तास. दिवसाला एक इंजेक्शन दिलेला उंदीर बहुतेक दिवस कोराच असतो. म्हणून तुमच्या भावाच्या वजनाचा आणि साखरेचा जाब उंदराला विचारू नये. त्याचं उत्तर माणसांतच सापडलंय. एकही गोळी न घेतलेल्या, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांचे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये पाहिलं, तर त्यांच्यातही साखर हाताळण्याची क्षमता आधीच थोडी बिघडलेली. आणि मॉडस्ले या इंग्रज डॉक्टरने १८७९ मध्ये लिहून ठेवलंय की वेडाचा इतिहास असलेल्या घराण्यांत मधुमेह वारंवार दिसतो. तेव्हा या गोळ्या जन्मालाही आल्या नव्हत्या. तर उत्तर: थोडं रोगाचं, आणि ओलान्झापिनच्या बाबतीत बरंच गोळीचं.

बाबूश, तुमचं 'माणसं तिथेच' हे अर्धं खरं. पीसीपीच्या उंदरांत झकास चाललेलं पोमाग्लुमेटाड नावाचं औषध २०१२ मध्ये माणसांत आपटलं. एनएमडीएला हातभार लावणाऱ्या ग्लायसिन या रसायनाच्या वाटेवरची दोन औषधं आपटली, एक २०१४ मध्ये आणि एक अगदी २०२५ मध्ये. दुसऱ्या बाजूला झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या औषधाला अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, जे नेहमीच्या गोळ्यांसारखा डोपामिनचा रिसेप्टर अडवत नाही. उंदरांनी त्याचं काम समजून घ्यायला मोठी मदत केली. पण खूण मिळाली ती १९९० च्या दशकात, अल्झायमरच्या रुग्णांवर चाचणी चालू असताना त्यांचे भ्रम कमी झाले तिथून. उंदीर हा साक्षीदार बरा, न्यायाधीश नव्हे.

---

सुलभाकाकू_पर्वरी
मंगळवार, सकाळी ११.५०

मनू, मी निवृत्त नर्स, आणि माझा मोठा मुलगा अठरा वर्षं याच आजारात. उंदरांचं वाचून मजा आली, पण मला तुझ्या १३२ ची काळजी वाटली, म्हणून लिहिते.

उपाशीपोटी १२६ किंवा वर दुसऱ्यांदा आली तर तो मधुमेहच. तीन महिने थांबू नकोस गं. याच आठवड्यात परत उपाशीपोटी कर आणि बरोबर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, आणि कोलेस्टेरॉल. रिपोर्ट घेऊन जा आणि थेट विचार, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू करता येईल का. या गोळ्यांनी वाढणाऱ्या वजनावर मेटफॉर्मिनचा अभ्यास माणसांवरच झालाय आणि उपयोग दिसलाय. गोळी बदलता येईल का हेही विचार, पण तो निर्णय त्यांचा, कारण स्थिर असलेल्या माणसाची गोळी बदलणं सोपं नाही.

केटोचं म्हणशील तर स्टॅनफर्डला माणसांवर छोटी चाचणी झाली, २०२४ मध्ये छापून आली. वीस-बावीस रुग्ण, चार महिने. वजन आणि साखर सुधारली, मनाच्या तक्रारीही कमी झाल्या असं ते सांगतात, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. आणि ते सगळे डॉक्टरच्या देखरेखीखाली, आधीच्या गोळ्या चालू ठेवून. घरी आपापलं करायचं नाही, त्यातून साखरेसाठी 'ग्लिफ्लोझिन'ने नाव संपणारी गोळी पुढे कुणी दिली तर मुळीच नाही. त्या गोळीवर कर्बोदकं तोडली तर रक्त आम्ल होऊन माणूस आयसीयूत जातो.

भाऊ सिगारेट ओढतो का? ओढत असेल आणि उद्या एकदम सोडली तर रक्तात ओलान्झापिन चढतं, झापड वाढते. सोडू दे, चांगलंच आहे, पण डॉक्टरांना सांगून.

शीत बंद करू नकोस. आम्ही काय केलं ते सांगते. आधी ताट बदललं, लहान घेतलं. उकड्या तांदळाचं शीत एक वाटी, हुमण तेवढंच, मासा मोठा, आणि बाजूला तोंडाक (उसळ) किंवा भाजी भरपूर. पोई राहू दिली, चहातली साखर काढली. खरा चोर चहाच होता, दिवसाला सहा कप. या गोळ्यांवर भूक भागतच नाही, त्याला 'आवर स्वतःला' म्हणू नका कुणी. रात्री दहाला फ्रिज उघडतो त्यात त्याचा दोष नाही. फ्रिजमध्ये काय ठेवायचं एवढं आपल्या हातात.

आणि सुपारी सोलायचं काम चालू राहू दे. गोव्यात, साताऱ्यात आणि तामिळनाडूत मिळून २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली होती, २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. डॉक्टरी उपचारांबरोबर गावातलीच शिकवलेली माणसं घरी जाऊन आधार द्यायची. फरक माफक, पण खरा होता.

---

बाबूश_फोंडा
मंगळवार, दुपारी १.०५

काकूंपुढे मी काही बोलत नाही. उंदीरवाले, एक विचारतो, चिडू नका. एवढे उंदीर मारायला परवानगी लागते की नाही? की बाजारातून आणले आणि सुरू?

---

माजी_उंदीरवाला
मंगळवार, रात्री ८.४५

लागते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत स्वतःची नीती समिती. किती उंदीर, कशासाठी, कमी का चालणार नाहीत, वेदना कशी टाळणार, मारणार कसे, सगळं आधी लिहून द्यावं लागतं. समितीत बाहेरचा, शास्त्राशी संबंध नसलेला माणूसही बसतो. आमच्या समितीतल्या अशाच एका बाईंनी विचारलं होतं, 'नर-मादी दोन्ही का नाहीत?' खोलीतल्या कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. ओलान्झापिनचं वर लिहिलं ते वाचलंत तर तो प्रश्न किती नेमका होता ते कळेल. तेव्हा बहुतेक प्रयोगशाळा नरांवरच भागवायच्या.

आणि चिडलो नाही. पिंजऱ्यातून उचलताना शेपटीला धरायचं नाही, दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं. घाबरलेल्या उंदराच्या रक्तातली साखर लगेच वर जाते. दया म्हणा की मोजमाप म्हणा, हात तोच लागतो.

---

साखळीची_मनू
शुक्रवार, रात्री १०.१०

काकू, आज परत तपासली. उपाशीपोटी १२९, एचबीएवनसी ६.७. सोमवारची वेळ मिळालीय, मेटफॉर्मिनचं कागदावर लिहून नेणार आहे. तो सिगारेट ओढत नाही. चहा मोजला, पाच कप, प्रत्येकात दोन चमचे. आईला चहाचं पटलं, ताटाचं अजून नाही.

मावसभावाला २०२४ च्या जपानी निबंधाचं विचारलं. म्हणाला, वाचतो. तासाभराने नवी लिंक आली, आता झेब्रा मासे. हे काय असतं?

---

माजी_उंदीरवाला
शुक्रवार, रात्री १०.३५

बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्यांची पिल्लं पारदर्शक असतात, त्यामुळे जिवंतपणी मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, आणि एका तबकडीत शेकडो औषधं तपासता येतात. एमके-८०१ पाण्यात टाकलं की जोरात पोहतात. नवीन रसायनांची पहिली चाळणी म्हणून चांगले. हुमणाशी संबंध नाही.

एचबीएवनसी ६.५ च्या वर आहे, सोमवारी तो कागद सगळ्यात आधी दाखवा. झेब्रा माशांसाठी नवा धागा काढा, इथे काकू रागावतील.